सायलेन्सर काढला की गाडी पळते का?

गेल्या पी. एल. मध्ये रात्री साडेदहाच्या सुमारास वर्कशॉपच्या मागून जो भयंकर आवाज आला, आणि बी विंगच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या, तो आवाज आमच्या गाडीचा होता. दुसऱ्या दिवशी ज्यांचा पेपर होता त्यांची आधी माफी मागतो. रेक्टर सरांची माफी त्याच रात्री लेखी मागून झाली आहे.

त्या रात्री आम्ही केलं इतकंच, की इंजिनचा सायलेन्सर काढून तिथे फूटभर सरळ पाईप लावला. कारण काय, तर ‘सायलेन्सर काढला की पॉवर वाढते’. हे कोणी सांगितलं? सगळ्यांनीच. दत्त चौकातल्या गॅरेजवाल्यापासून आमच्याच बॅचच्या टॉपरपर्यंत. आणि खरं सांगायचं तर किक मारून थ्रॉटल दिल्यावर आम्हालाही वाटलं, की काय पळतेय राव! मग सकाळी ग्राउंडवर दोन दगड ठेवून स्टॉपवॉच लावलं. सायलेन्सरसह तीन फेऱ्या, सायलेन्सरशिवाय तीन. फरक सापडला नाही. सापडली ती फक्त कानातली शिट्टी, जी जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाजत होती.

मग प्रश्न पडला, की सायलेन्सर नेमका निवडायचा कसा? चार वर्षांत आय. सी. इंजिनच्या पेपरात या विषयावर आम्हाला फार तर चार मार्कांची टीप आली. म्हणून हा लेख.

आधी गाडीबद्दल. बाहा एस. ए. ई. इंडिया ही कॉलेजच्या मुलांनी बनवलेल्या छोट्या ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा २००७ पासून इंदूरजवळच्या पीथमपूरला सुरू झाली. तिथे अनेक वर्षे ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० एच. पी. चं इंजिन चाललं. एकच सिलिंडर, फोर स्ट्रोक, पेट्रोल, बोअर ७९.२४ मि. मी., स्ट्रोक ६१.९३ मि. मी. गुणाकार करून बघा, ३०५ सी. सी. येतील. गव्हर्नर ३८०० आर. पी. एम. च्या वर जाऊ देत नाही. आमच्या गाडीला हेच इंजिन आहे, पण ती आता स्पर्धेची राहिलेली नाही. (स्पर्धेत इंजिनला हात लावू देत नाहीत. सायलेन्सरचं काय चालतं ते त्या-त्या वर्षीच्या नियमावलीत बघावं, सीनियरच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नये.) जुन्या फ्रेमवर मागे हौदा बसवून आम्ही शेतातून सडकेपर्यंत वेचलेला कापूस आणणारी गाडी करतो आहोत. आपल्याकडच्या काळ्या मातीत पाऊस झाला की बैलगाडी फसते आणि ट्रॅक्टर पऱ्हाटी तुडवतो, तिथे धुऱ्या-धुऱ्याने जाणारी हलकी गाडी लागते. म्हणजे आमच्या सायलेन्सरच्या एक हातावर कापूस असणार आहे. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

तर पॉवरची गोष्ट. सायलेन्सर जळालेल्या वायूला अडवतो, म्हणून पिस्टनला तो बाहेर ढकलताना जास्त जोर लागतो, हे खरंच आहे. यालाच बॅकप्रेशर म्हणतात. पण किती जोर? बॅकप्रेशर १ किलोपास्कलने वाढलं, तर प्रत्येक सायकलला वाया जाणारं काम म्हणजे तो दाब गुणिले ३०५ सी. सी. आणि ३८०० आर. पी. एम. ला सेकंदाला ३१.७ सायकली. उत्तर येतं जेमतेम १० वॅट. आपल्या इंजिनची ताकद ७४६० वॅट. बऱ्यापैकी बनवलेल्या सायलेन्सरने सरासरी २ किलोपास्कल अडवलं असं धरलं, तरी गेले २० वॅट, म्हणजे चारशेवा हिस्सा. सिलिंडरमध्ये थोडा जुना वायू शिल्लक राहतो, त्याचं नुकसान वेगळं. तेही धरून उदार मनाने एक टक्का म्हणू. आमची गाडी चालवणाऱ्यासकट अडीचशे किलोच्या आसपास आहे. एक टक्का म्हणजे अडीच किलो. मेसचा रविवारचा एक फीस्ट सोडला तरी तेवढं निघेल! उलट बेल्टच्या सी. व्ही. टी. मध्ये याच्या कितीतरी पट ताकद वाया जाते, पण बेल्टचा आवाज येत नाही ना, म्हणून तिकडे कोणाचं लक्ष नाही.

मग एवढी जुनी समजूत आली कुठून? माझं मत असं, की ती टू स्ट्रोकच्या जमान्यातून आली. टू स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टचा आकार हा खरोखर इंजिनचाच भाग असतो. पूर्व जर्मनीत एम. झेड. कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं, की फुगीर आणि पुन्हा निमुळत्या होत जाणाऱ्या पाईपमधून परत फिरणारी दाबाची लाट पोर्टमधून निसटलेलं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते. १९६१ साली त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला, ती विद्या सुझुकीला मिळाली, आणि १९६२ मध्ये डेग्नर सुझुकीवर ५० सी. सी. चा जगज्जेता झाला. आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात निघालेल्या यामाहा आर. एक्स. १०० ला पाईप बदलला की गाडी बदलते, हे आपल्या काकांनी स्वतः अनुभवलंय. काका खोटं बोलत नाहीत, फक्त त्यांची गाडी वेगळी होती. टू स्ट्रोक गेल्या, समजूत राहिली, आणि ती बुलेटच्या गळ्यात पडली.

फोर स्ट्रोकमध्येही पाईपच्या लांबीने लाटा जुळवता येतात, नाही असं नाही. पण ते रेसच्या, आठ-दहा हजार आर. पी. एम. च्या इंजिनात. ३८०० ला बांधून टाकलेल्या इंजिनात पाईप इतका लांब लागेल, की तो हौद्याच्या मागे शेपटीसारखा निघेल.

आता भंगारातला सायलेन्सर. आमचा पहिला विचार हाच होता, आणि तुमचाही हाच असेल. स्प्लेंडरचा की पल्सरचा? इथे नुसते सी. सी. बघून चूक होते. वायू किती वाहतो ते सी. सी. गुणिले आर. पी. एम. वर ठरतं. आमचं इंजिन मिनिटाला साधारण ५८० लिटर ओढतं (३०५ सी. सी., दोन फेऱ्यांत एकदा, म्हणून १९०० वेळा. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, पण तुलनेपुरतं चालेल). स्प्लेंडरचं ९७.२ सी. सी. चं इंजिन ८००० ला ३९० लिटर. म्हणजे तो सायलेन्सर आपल्याला अरुंद. पल्सर १५० चं ८५०० ला ६३० च्या आसपास. वा, हा बसतो! आम्ही आणला आणि लावलासुद्धा. इंजिनची तक्रार नव्हती, पण आवाज काही कमी होईना. धड-धड-धड चालूच.

कारण नंतर कळलं. पल्सर ८५०० ला सेकंदाला ७१ वेळा फायर करते, आपलं इंजिन ३८०० ला ३२ वेळा. आवाज जितका खालच्या सुरातला, तितकी तो दाबायला पेटी मोठी लागते. वाहण्यापुरता तो सायलेन्सर पुरेसा होता, आवाजापुरता लहान होता. म्हणजे निवडताना दोन वेगळे प्रश्न विचारायला हवेत. नळी किती रुंद, हे वायूवर ठरतं आणि पेटी किती मोठी, हे सिलिंडरवर आणि फायरिंगवर. बुलेट ३५० चा सायलेन्सर दोन्ही परीक्षांत पास होतो, पण तो लांब, जड, आणि आमच्या फ्रेममध्ये मावत नाही. शिवाय त्याची भंगारातली किंमत ऐकून आम्ही चहा पिऊन परत आलो.

शेवटी पेटी स्वतः बनवायची ठरली.

नळीचा हिशोब आधी. एक्झॉस्टचा वायू ४०० अंश सेल्सिअसला धरला, तर आमच्या इंजिनातून सेकंदाला साधारण १८ लिटर गरम वायू बाहेर पडतो. ३२ मि. मी. आतल्या व्यासाच्या पाईपमधून तो सरासरी २३ मीटर प्रति सेकंदाने जातो. हाच पाईप १९ मि. मी. चा घेतला (म्हणजे घरातला पाऊण इंची), तर वेग ६४ वर जातो, आणि दाबाचं नुकसान वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ते आठपट होतं. व्यास चाळीस टक्के कमी, नुकसान आठपट. खरी पॉवर जाते ती इथे, अरुंद नळीत, चिमटलेल्या बेंडमध्ये, आत घुसलेल्या वेल्डिंगच्या गाठीत. पेटीला दोष देण्याआधी पाईपमध्ये बोट घालून बघा (थंड झाल्यावर!).

बॅकप्रेशर मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी लेव्हल बघायला जी पारदर्शक नळी वापरतात ती दोन मीटर आणा, यू आकारात फळीवर बांधा, अर्धी रंगीत पाण्याने भरा. एक टोक उघडं ठेवा, दुसरं टोक पेटीच्या आधी पाईपला ब्रेझ केलेल्या बारीक तांब्याच्या नळीला जोडा. तांब्याची नळी फूटभर तरी ठेवा, नाहीतर प्लॅस्टिक वितळेल. दोन बाजूंच्या पातळीत १० सें. मी. फरक म्हणजे १ किलोपास्कल. पाणी फार नाचत असेल तर रबरी नळीला क्लिप लावून ती थोडी चिमटावी. आमच्या बॅचने चार वर्षांत केलेला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी प्रयोग आहे.

आता पेटी. सर्वसाधारण संकेत असा, की चांगला आवाज दाबायचा तर पेटीचं आकारमान सिलिंडरच्या दहापट असावं. लॉन मोवरसारख्या इंजिनांवरचे डबे याहून खूप लहान असतात, आणि ते तसे ओरडतातही. दहापट म्हणजे ३ लिटर. १२५ मि. मी. व्यास आणि २५० मि. मी. लांबीचा दंडगोल घेतला की ३.०७ लिटर होतात. जमलं.

पेटी आवाज कमी कसा करते? जाळीने किंवा काथ्याने नाही, तर नुसत्या रुंदीने. अरुंद नळीतून येणारी लाट एकदम रुंद जागेत शिरली की तिचा मोठा भाग मागे परततो. बाहेर पडतानाही तेच. नळीपेक्षा पेटीचं क्षेत्रफळ किती पट, हा आकडा महत्त्वाचा. आमच्याकडे तो १५ च्या थोडा वर आहे, आणि त्यातून जास्तीत जास्त साडेसतरा डेसिबलची घट मिळते. पण ही घट सगळ्या सुरांना सारखी मिळत नाही. वायूत ४०० अंशाला आवाज सेकंदाला सुमारे ५२० मीटर वेगाने जातो. त्या हिशोबाने आमची पेटी ५२० हर्ट्झला सर्वांत चांगली चालते, १२७ हर्ट्झला नऊ-साडेनऊ डेसिबल कमी करते, आणि ३२ हर्ट्झला, म्हणजे मूळ धडधडीला, फक्त दोन.

घाबरू नका, ३२ हर्ट्झला आपला कानही जवळजवळ बहिरा असतो. डेसिबल मीटरवर ‘ए’ नावाची जी मोजपट्टी असते ती कानासारखी बनवलेली आहे, आणि ३१.५ हर्ट्झला ती ३९ डेसिबल वजा करते. त्यामुळे ती धडधड कानाला कमी आणि छातीला व काचांना जास्त जाणवते.

खरी अडचण दुसऱ्या टोकाला आहे. १०४० हर्ट्झला पेटीची लांबी बरोबर अर्ध्या लाटेइतकी होते, आणि घट शून्य! जणू पेटी नाहीच. आणि हा सूर कानाला चांगलाच टोचतो. पुढचं भोक २०८० हर्ट्झला. यावरचा उपाय मला फार आवडला, म्हणून सविस्तर सांगतो. आत येणारी नळी पेटीच्या तोंडाशी न संपवता निम्म्या लांबीपर्यंत, म्हणजे १२५ मि. मी. आत न्यायची. नळीच्या भोवती जी कंकणासारखी बंद जागा उरते ती १०४० हर्ट्झचा सूर गिळते. बाहेर जाणारी नळी पाव लांबीपर्यंत, ६२ मि. मी. आत आणायची, ती २०८० चं भोक बुजवते. गंमत अशी, की वायूचं तापमान बदललं की भोक सरकतं, पण त्याचं बूचही जवळपास तेवढंच सरकतं, कारण दोन्ही एकाच लांबीवरून निघाली आहेत. (प्रत्यक्षात नळ्या हिशोबापेक्षा थोड्या आखूड ठेवाव्या लागतात, कारण लाट नळीच्या टोकापलीकडे जराशी पुढे जाऊन वळते. आणि सुमारे २४०० हर्ट्झच्या वर हे साधं गणित लागू पडत नाही, तिथे ग्लासवूलच बरी.)

एवढं सगळं करून, पेटी वेल्ड करून, मोठ्या थाटात गाडी सुरू केली. आणि फुल थ्रॉटलला अशी घुमली, की चालवणाऱ्याला पोटात कसंतरी व्हायला लागलं. चिरका आवाज गेला होता, पण खाली एक ‘हूऽऽम्’ आला होता जो आधी नव्हता. आठवडाभर इंजिनचे माउंट घट्ट केले, शॉकअप तपासले, एकाने तर चेन बदलली.

चूक शेपटीच्या पाईपात होती. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठराविक सुरात घुमते ना, तसंच पेटी ही बाटली आणि बाहेरचा पाईप हा तिचा गळा. पेटी ३.०७ लिटर, गळा ३२ मि. मी. रुंद आणि ५० सें. मी. लांब, तर घुमण्याचा सूर निघतो ६० हर्ट्झ. इंजिनची धडधड ३२ ला, तिची दुप्पट ६३ ला. बरोबर शेजारी! आणि सी. व्ही. टी. असल्यामुळे इंजिन बहुतेक वेळ त्याच आर. पी. एम. ला राहतं, म्हणजे दिवसभर बाटली वाजणार. सूर धडधडीच्या खाली न्यावा म्हटलं तर गळा दोन मीटरच्या घरात लागेल. म्हणून उलटं केलं. हॅकसॉने कापून पेटीच्या आतल्या तुकड्यासकट ३० सें. मी. ठेवला. सूर ७७ वर गेला, ६३ आणि ९५ यांच्या मधल्या मोकळ्या जागेत. वायू जरा थंड धरला तरी तो ७० च्या खाली येत नाही. घुमणं गेलं. वीस सें. मी. पाईप कापण्यासाठी आठ दिवस गेले. सायलेन्सरची शेपटी ‘दिसायला बरी’ म्हणून लांब ठेवू नका.

या सगळ्या खटाटोपात आमचे वर्कशॉपमधले मामा रोज येऊन बसायचे. त्यांना काही सांगायचं तर दोनदा सांगावं लागतं, आणि आम्ही मागून त्यांची नक्कलही करायचो. एकदा ते सहज म्हणाले, “मले पहिले सारं आयकू ये गड्या. पंधरा वर्सं डिझेल इंजिनापाशी उभा होतो, पाईपाले डबाच नव्हता.” त्यानंतर नक्कल बंद झाली.

हिशोब असा आहे. कानासाठी आठ तासांना ८५ डेसिबल ही मर्यादा अमेरिकेतली नियोश ही संस्था सुचवते, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. बाहामधली एन्ड्युरन्स रेस चार तासांची असते, आणि कापसाच्या दिवसांत शेतातला माणूस त्याहून जास्त वेळ गाडीवर बसेल. हेल्मेट कानाचं रक्षण करतं हा गैरसमज आहे. गेलेले कानातले केस परत येत नाहीत, आणि कान दुखत नाही म्हणून कळतही नाही. सायलेन्सरच्या इतिहासातही हीच गोष्ट आहे. मशीनगन बनवणारे हायरम मॅक्सिम तोफा-बंदुकांच्या आवाजाने बहिरे झाले, आणि त्यांच्याच मुलाने, हायरम पर्सी मॅक्सिम याने, १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं, मग इंजिनांचे सायलेन्सर बनवले.

कायदाही थोडक्यात सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२० वा नियम प्रत्येक मोटार वाहनाला, शेतीच्या ट्रॅक्टरलासुद्धा, सायलेन्सर सक्तीचा करतो. आणि ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे कॉलेजच्या भोवतीचा शंभर मीटरचा टापू शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि तसा जाहीर झाला की तिथे दिवसा ५० आणि रात्री दहानंतर ४० डेसिबल. आमच्या त्या रात्रीच्या पराक्रमाने या नियमाचं काय झालं असेल, ते आम्ही मोजलं नाही.

आता कापूस. पेट्रोल इंजिनमधून कार्बनचे लाल कण उडतात. चांगल्या रस्त्यावर त्यांचं काही नाही, पण मार्चमध्ये वाळलेल्या पऱ्हाटीच्या ढिगाजवळ, कुटाराच्या गंजीपाशी, किंवा टिपेश्वरच्या बाजूला सागाच्या पानांचा सडा पडलेला असतो तिथे एक कण पुरतो. म्हणून शेपटीच्या टोकाला स्पार्क अरेस्टर पाहिजेच. अमेरिकेच्या वनखात्याने ठरवलेली जाळीची मोठ्यात मोठी छिद्रं ०.५८ मि. मी. ची. साध्या चहाच्या गाळणीची जाळी चालणार नाही, ती जळते. स्टेनलेसची घ्या. जाळी पाईपाच्या तोंडावर सपाट लावली तर तारांनी अर्धी जागा अडते आणि बॅकप्रेशर वाढतं, म्हणून ती शंकूसारखी आत लांब बसवायची. काजळीने ती तुंबते. गाडी ‘दम’ धरायला लागली की कार्ब्युरेटर खोलण्याआधी जाळी बघा.

पेटीचा पत्रा स्वतः ३०० अंशाच्या आसपास तापतो. मधे इंचभर हवा सोडून भोकांच्या पत्र्याची ढाल लावली आणि हौद्याची ती बाजू बंद केली. पेट्रोलची टाकी दुसऱ्या बाजूला नेली. पाईपाचं तोंड मागे आणि किंचित खाली, बसणाऱ्याच्या तोंडाकडे कधीच नाही. पावसात वर्कशॉपचं शटर अर्ध्यावर ओढून इंजिन चालवायचा मोह होतो. आम्ही एकदा केलं, तिघांची डोकी दुखली, आणि आम्हाला वाटलं जागरण. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. जो वास येतो तो दुसऱ्याच गोष्टींचा. इंजिन बाहेरच चालवा, भिजा हवं तर.

बांधणीबद्दल दोनच गोष्टी. तीन किलोची पेटी एक्झॉस्टच्या दोन स्टडवर लटकवू नका. खड्ड्यात पाचपट वजन पडलं, तर वीस सें. मी. वरच्या त्या पेटीचा स्टडवर ३० न्यूटन-मीटर बेंडिंग येतं आणि स्टड तुटतो. पेटीला इंजिनवरूनच ब्रॅकेट द्या, फ्रेमवरून नको, कारण इंजिन रबरावर हलतं आणि फ्रेम हलत नाही. दोघांच्या भांडणात पाईप चिरतो. फ्रेमवर द्यायचंच असेल तर मधे जाळीदार लवचीक तुकडा टाका. दुसरं म्हणजे एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. गाडी थोडी-थोडी चालवून बंद केली की ते पेटीत साचतं आणि पत्रा आतून सडतो. सर्वांत खालच्या जागी ३ मि. मी. चं भोक पाडा. आमचा पत्रा साधा १६ गेजचा एम. एस. आहे, स्टेनलेसचं बजेट नव्हतं.

एक आवांतर. आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतलेला १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं. त्याचा ‘छुक-छुक’ हा एक्झॉस्टचाच आवाज, पण तो फुकट जात नव्हता. वापरलेली वाफ धुराड्याखालच्या नळीतून जोरात सोडायची, तिच्या ओढीने भट्टीत हवा खेचली जायची. आवाजाने काम केल्याचं माझ्या माहितीतलं हे एकच उदाहरण. बुलेटवाल्या मित्रांनी नोंद घ्यावी.

आता आमची गाडी मुख्य इमारतीसमोरून जाते तेव्हा वर्ग चालू राहतो. मोजमाप करायचं झालं तर मीटर पाईपाच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशाच्या कोनात धरा, आणि एक रीडिंग बसणाऱ्याच्या कानाजवळ जरूर घ्या. मोबाईलचं ॲप खरा आकडा देत नाही, पण आधीचा आणि नंतरचा फरक सांगायला बरं आहे. ड्रॉइंग मशीन लॅबच्या कपाटात ठेवलंय, कोणीही कॉपी करून घ्यावं. स्पार्क अरेस्टरची जाळी दर पंधरा दिवसांनी काढून घासायची असते. या वेळी पाळी थर्ड इयरची आहे. दहाचा पाना बोर्डवर शोधू नका, तो मामांच्या खिशात असतो. आणि मागताना समोर उभं राहून मागा.